प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे?

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. हातोडीशी माझा संबंध भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे कधी गेला नाही, आणि तो खिळाही बहुधा वाकडाच गेला. असे असता, विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी रचनेची प्रक्रिया प्रत्यक्ष कृतीतून कशी शिकवावी या विषयावर बोलण्याचे धाडस मी करतो आहे, याचे कारण एक कांदाचाळ आहे.

निवृत्तीनंतर नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत माझे जाणे-येणे होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तेथील विज्ञानशिक्षकांनी नववीच्या मुलांपुढे एक प्रश्न ठेवला : घरोघरी साठवलेला उन्हाळ कांदा सडतो, काय करावे? मुलांनी तत्काळ उत्तर दिले, "मोठी चाळ बांधावी." एकाने शीतगृहही सुचवले. शिक्षकांनी कोणालाच चूक म्हटले नाही. त्यांनी मुलांना वही आणि वजनकाटा देऊन चाळींवर पाठवले.

तेथे कांदा निवडणाऱ्या मजूर बायका होत्या. त्यांतल्या एका वृद्धेने सांगितले, "वरचा कांदा नाही सडत, पोरांनो. ढिगाच्या पोटातला सडतो." या एका वाक्याने प्रश्नच बदलला. चाळीच्या आकाराचा प्रश्न मागे पडला आणि ढिगाच्या पोटात हवा कशी पोहोचवावी, हा प्रश्न पुढे आला. अभियंते ज्याला समस्येची व्याख्या म्हणतात ती हीच. ती पुस्तकात सापडली नव्हती, ज्यांचे हात रोज त्या कांद्यात असतात त्यांच्यापाशी सापडली.

मग मर्यादा ठरल्या. वीज वापरायची नाही. सामान गावात मिळणारे हवे : बांबू, जाळी, पत्रा. खर्च लहान शेतकऱ्याला झेपणारा हवा. मुलांनी दोन-दोन पोती कांदा मावेल अशा तीन छोट्या चाळी केल्या. एकीचा तळ जमिनीला टेकलेला, दुसरीचा बांबूच्या पट्ट्यांवर उचललेला, तिसरीत मधोमध भोके पाडलेली उभी नळी. दर शनिवारी वजन व्हायचे. सडलेला, कोंब आलेला आणि चांगला कांदा वेगवेगळा मोजला जायचा.

पहिल्याच मोठ्या पावसात झड आत शिरली आणि उघड्या बाजूंचा कांदा भिजला. मुलांनी गोणपाट लावले, तर हवा कोंडली. तिसऱ्या खेपेस त्यांनी छपराची वळचण पुढे काढली, तेव्हा कुठे जमले. आपल्या परीक्षापद्धतीत पहिल्या दोन प्रयत्नांना शून्य गुण मिळाले असते. त्या शिक्षकांनी मात्र सर्वाधिक वेळ त्या दोन प्रयत्नांवरच दिला : काय फसले, का फसले, आणि फसले हे आपल्याला कशावरून कळले?

पुढे आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानी आली. हवा अधिक खेळवली की सड कमी होते, पण कांदा सुकून त्याचे वजनही घटते. दोन्ही तोटे एकदम टाळता येत नाहीत, त्यांचा मेळ घालावा लागतो. शेतमजुराची एक मुलगी वही मिटून म्हणाली, "सर, कांदा वजनावर विकतात आणि भाव व्यापारी ठरवतो. मग ही घट कोणाच्या खात्यावर?"

मित्रहो, चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवताना इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला. काढणीच्या हंगामात भाव कोसळतो आणि ज्याच्यापाशी साठवण नाही त्याला तेव्हाच विकावे लागते. चांगली चाळ म्हणजे थांबण्याची ताकद, आणि थांबण्याची ताकद म्हणजे सौद्यातील ताकद. पण तिलाही मर्यादा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या बंदीवर बांबूची नळी हा उपाय नव्हता. कोणता प्रश्न हत्याराने सुटतो आणि कोणता संघटनेने, हे ओळखणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान असावे, असे सुचवले होते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. पण त्या कार्यानुभवाचे बहुतेक शाळांत काय झाले? कागदी फुले आणि निरीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी भरलेल्या वह्या!

याउलट, १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेने नाकारलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन शिकली, तीही गावाची खरी कामे करत. ज्यांना आपण नापास म्हणतो ती मुले घुमटाकार घरे उभी करू लागली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांना पुन्हा हातकामालाच जुंपायचे काय? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी मुलांनी काही तास शाळेत आणि उरलेला वेळ वडिलांच्या धंद्यात घालवावा, अशी योजना आणली. ती जातिव्यवस्थाच टिकवील, म्हणून तिला प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती रद्द करावी लागली. तो विरोध योग्यच होता. म्हणून आपली कसोटी स्पष्ट हवी. ठरलेले काम निमूटपणे करायला शिकवणे ही कवायत झाली. काम असे का, दुसऱ्या रीतीने का नाही, हे विचारायला, मोजायला आणि बदलायला शिकवणे हे शिक्षण. शिवाय ते सर्वांना सारखेच मिळाले पाहिजे. बागायतदाराच्या मुलाने सडका कांदा निवडावा आणि मजुराच्या मुलीने आलेख काढावा. त्या शाळेत हे घडले. डोके एका जातीचे आणि हात दुसरीचे, ही आपल्या समाजाची सर्वांत जुनी श्रमविभागणी आहे. ती भाषणांनी तुटत नाही, हे माझ्यासारख्या भाषणे करणाऱ्यानेच कबूल केले पाहिजे.

आज सरकारही कृतिशिक्षणाची भाषा बोलते. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. त्यांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा जाणकारांकडे शिकावे असे म्हटले आहे. या तरतुदींना नावे ठेवण्यापेक्षा त्या वसूल करून घ्याव्यात. मात्र यंत्रांचा संच आला म्हणजे शिक्षण आले, असे नव्हे. संचासोबत प्रश्नही तयारच आला, तर मुले दुसऱ्यांचीच उत्तरे जुळवत बसतील.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्यांत पालकांना स्थान दिले आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. वर्षाकाठी गावातला एक खरा प्रश्न प्रत्येक वर्गाने हाती घ्यावा. गावातील सुतार, गवंडी, कांदा निवडणारी बाई यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून वर्गात बोलवावे. आणि फसलेल्या प्रयत्नाच्या नोंदीला गुण असावेत.

त्या तीन चाळींपैकी नळीची चाळ शाळेच्या मागे अजून उभी आहे. बांबू काळवंडला आहे, वळचण एका बाजूला कलली आहे. पुढच्या वर्गाने ती दुरुस्त करायला घेतली तेव्हा सर्वांत आधी ते त्या वृद्धेकडे विचारायला गेले. मला वाटते, त्यांचे निम्मे शिक्षण तेथेच झाले.