संगणकातला पाहुणा उठत नाही तेव्हा

आजचे बोलणे मुख्यतः मावळातल्या आणि आसपासच्या शाळांतल्या शिक्षक बंधु-भगिनींसाठी आहे. ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी संगणक शिकते आहे त्यांनीही ऐकायला हरकत नाही. विषय थोडा तांत्रिक आहे, पण गोष्ट ओळखीची आहे. घरी पाहुणा उतरला आहे, उन्हे वर आली आहेत, आणि तो काही केल्या अंथरुणातून उठत नाही. उठलाच तर त्याचा फोन कुठे लागत नाही. अशा वेळी यजमानाने काय करावे?

पाहुणा आणि यजमान हे शब्द मी गमतीने वापरलेले नाहीत. एका खऱ्या संगणकाच्या आत, सॉफ्टवेअरच्या जोरावर, दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्याला गेस्ट म्हणजे पाहुणा, आणि बाहेरच्याला होस्ट म्हणजे यजमान, अशीच त्या धंद्यातली नावे आहेत. आतल्याला वाटते की आपल्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःची डिस्क आहे. खरे पाहता ते सगळे यजमानाकडून उसने घेतलेले. त्याची डिस्क तर यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाईल असते, एवढेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम ३७० नावाची व्यवस्था जाहीर केली होती. टेबलावरच्या साध्या संगणकावर ही सोय १९९९ च्या सुमारास आली. व्हर्च्युअलबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर २००७ पासून फुकट मिळू लागले, आणि मी ज्या शाळांत जातो तिथे बहुधा तेच पाहतो. शाळेला ते कशाला हवे? तर कार्यालयाच्या कामासाठी संगणकावर विंडोज ठेवावी लागते, ती पुसता येत नाही. आणि मुलांना तर लिनक्स दाखवायची असते. मग विंडोजच्या घरात लिनक्सचा पाहुणा ठेवायचा. मुलांनी काही बिघडवले तरी यजमान शाबूत.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो.

२०१९ सालचा जुलै. नाणे मावळातली एक शाळा. नाव सांगत नाही. तिथल्या मुलांनी दोन पावसाळे पावसाची नोंद ठेवली होती. रोज सकाळी पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे, फळ्यावर आकडा लिहायचा आणि दुपारी तो लिनक्सच्या पाहुण्यात टंकायचा. लोणावळ्याला पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला तळेगावापर्यंत येईतो तो कितीतरी उतरतो, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तो आपल्या गावात नेमका किती उरतो, हे त्या मुलांना शोधायचे होते.

एका रात्री वीज गेली. सकाळी संगणक सुरू झाला, विंडोज आली, पण पाहुणा उठेना. पडद्यावर इंग्रजीत काही ओळी आल्या. मी त्या वाचल्या नाहीत. वाचायला काय, इंग्रजी मला येते. पण घाई होती आणि मुले भोवती उभी होती. "मशीन खराब झालंय, नवीन टाकू," असे मी म्हणालो आणि जुनी मशीन यादीतून काढली. काढताना व्हर्च्युअलबॉक्स एक प्रश्न विचारते: नुसती यादीतून काढू की सगळ्या फायलीही पुसू? मी सगळ्या फायली पुसायला सांगितले. दोन पावसाळे गेले.

नवी मशीन करायला बसलो तर यादीत ६४ बिटचे नावच दिसेना, सगळी ३२ बिटची. इंटरनेटवरून दुसरी प्रत घ्यावी म्हटले, तर ब्राउझर प्रत्येक ठिकाणी सांगू लागला की ही जागा सुरक्षित नाही. म्हणजे पाहुणाही गेला आणि नेटही गेले, असे आम्ही ठरवून टाकले. कामशेतला मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक मुलगा सहज आला होता. त्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. "सर, तुमचं घड्याळ २०१२ सालात आहे की!"

संगणकाच्या आत, मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचे आणि यंत्राच्या मूळ जोडण्या लक्षात ठेवायच्या, हे त्याचे काम. तो सेल मेला होता. वीज जाताच घड्याळ मागे गेले आणि जोडण्या कारखान्यातून आल्या तशा झाल्या. त्यांत व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरने मदत करायची जोडणी असते, तीही बंद झाली.

या मदतीचे महत्त्व घाटाखालच्या माणसाला चटकन कळेल. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली, आणि आजही वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून इंजिने जोडतात. ती जोडली नाहीत तर गाडी लोणावळ्याला पोहोचणार नाही. दोष गाडीत नसतो, डब्यात नसतो. आमच्या पाहुण्यात काही दोष नव्हता. त्याला मागचे इंजिन मिळाले नव्हते, आणि पडद्यावरच्या ओळीत नेमके तेच लिहिले होते: व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. आणि नेट? तेही ठाकठीक होते. सुरक्षित जागांच्या प्रमाणपत्रांवर तारखा असतात. २०१२ सालच्या घड्याळाला २०१९ ची प्रमाणपत्रे खोटी वाटणारच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते हे असे.

सेल बदलला, तारीख लावली, संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ती जोडणी चालू केली. अर्ध्या तासाचे काम होते.

म्हणून पहिली विनंती: पाहुणा उठत नसेल तर पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या. समजले नाहीत तरी उतरवा. मग सगळ्यांच्या आधी यजमानाचे घड्याळ पाहा.

न उठण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण शाळेत फिरून फिरून तेच येतात. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल मीडियम' असे काही येते तेव्हा पाहुण्याला आपली डिस्क सापडलेली नसते. डिस्क ही एक फाईल, हे मघाशी सांगितले. कोणी ती दुसऱ्या फोल्डरात हलवली असेल, किंवा ती बाहेरच्या डिस्कवर होती आणि ती डिस्क गुरुजींच्या पिशवीत घरी गेली असेल. (बूट या शब्दाचे मूळ खरोखर पायातल्या बुटाशी आहे. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणच वर उठायचे, अशी ती मजेदार कल्पना.) याच्या उलट प्रकार अधिक घातक. दरवेळी लिनक्स नव्याने बसवायचाच पडदा येतो. याचा अर्थ बसवण्याची चकती पाहुण्याच्या काल्पनिक ड्राइव्हमध्ये तशीच राहिली आहे. मुले पडद्यावर जे विचारेल त्याला हो म्हणत जातात, आणि एखाद्या दिवशी सगळे पुसले जाते. ती चकती काम होताच काढून टाका.

वीज अवचित गेल्यावर पाहुणा अर्धवट उठतो आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' असा शब्द दाखवून थांबतो, हा मावळातल्या पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. डिस्कवरचा हिशोब अर्धा राहिलेला असतो. एफ-एस-सी-के ही आज्ञा देऊन तो बहुधा सावरता येतो; पण आज्ञा देण्याआधी मशीन बंद करा, ती मोठी फाईल दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मग प्रयोग करा. उतरवलेली प्रत असली की हात धीट होतो. आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसले तर घाबरू नका. विंडोजने प्रोसेसरची मदत स्वतःच्या कामाला अडकवून ठेवली आहे, म्हणून पाहुणा कासवगतीने चालेल, एवढेच ते चित्र सांगते.

आता नेटचे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी नळांतून खाली खोपोलीच्या वीजघरात जाते. ते वीजघर १९१५ पासून चालू आहे. खाली पाणी आले नाही तर शहाणा माणूस वरून सुरुवात करील: तलावात पाणी आहे का, दार उघडे आहे का, नळ कुठे फुटला का. आपणही तसेच करायचे. आधी यजमानावर एखादी साइट उघडून पाहा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यजमानाकडे नेट असेल तर पाहुण्याच्या सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड' या शब्दांपुढे खूण आहे का ते पाहा. केबल काल्पनिक आहे, पण ती सुटते मात्र खऱ्यासारखी. मग पाहुण्याला पत्ता मिळाला आहे का पाहा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट पद्धतीत तो सहसा १०.०.२.१५ असतो. असला की १०.०.२.२ ला पिंग करा, हे घराचे दार, मग ८.८.८.८ ला, हे बाहेरचे जग. आणि मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाले तर नेट चालू आहे, नावांवरून पत्ते शोधून देणारी व्यवस्था तेवढी अडली आहे. ज्या पायरीवर उत्तर थांबले त्याच पायरीवर काम करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट आले, तर कशाने आले हे कधीच कळत नाही.

नॅट आणि ब्रिज यांत शिक्षकांचा फार गोंधळ होतो. पूर्वी पत्रावर 'मार्फत अमुक अमुक' असे लिहीत, तसे नॅट. पाहुण्याची पत्रे यजमानाच्या नावाने जातात आणि येतात. बाहेरचा कोणी परभारे पाहुण्याकडे येऊ शकत नाही. ब्रिजमध्ये पाहुण्याला गल्लीत स्वतःचा घरनंबर मिळतो, पण तो राउटरने द्यावा लागतो, आणि काही वायफाय राउटर तो देत नाहीत. नुसते इंटरनेट हवे असेल तर नॅट ठेवा, माझे मत असे आहे.

एका शाळेत बाईंनी फार कष्टाने एक मशीन नीट लावली आणि तिची नक्कल दहा संगणकांवर ठेवली, ब्रिज पद्धतीने. एकाचे नेट चालले की दुसऱ्याचे जाई. "सर, भुताटकी आहे," त्या म्हणाल्या. भूत इतकेच होते, की नक्कल करताना नेटवर्क कार्डाचा क्रमांकही नक्कल झाला होता. दहा घरांना एक नंबर. टपालवाला काय करणार? नक्कल करताना नवा मॅक क्रमांक तयार करण्याचा पर्याय असतो, तो निवडला की झाले.

लिनक्सचे मूळ धडे मराठीतून हवे असतील तर मुंबईच्या आयआयटीने केलेले स्पोकन ट्यूटोरियल पाहा. ते फुकट आहेत.

नाणे मावळातल्या त्या शाळेत आता शनिवारी पाहुण्याला रीतसर बंद करतात, त्याची एकच फाईल करून बाहेरच्या डिस्कवर ठेवतात आणि ती डिस्क कपाटात जाते. पावसाचा आकडा आधी कागदावर लिहिला जातो. पुसल्या गेलेल्या दोन पावसाळ्यांपैकी एका मुलीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानांवर, श्रावणातले सव्वीस दिवस निघाले. फळ्यावरून उतरून घ्यायची तिला आपली सवय होती. नव्या फाईलचे पहिले पान त्या सव्वीस आकड्यांचे आहे.