आगरवाड्याचे मीठ
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



व्यापार, निसर्गशक्ती आणि विनोद अशा तीन विषयांवर मी बोलावे, असे चिटणीसांनी सुचविले. विषय तीन, वेळ मात्र एकापुरताच! तेव्हा मी मिठावर बोलतो. त्यात बाकीचे आपोआप विरघळतील.

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आगरवाडा आहे. आगर हा शब्द गावाच्या नावातच आहे. भरतीचे खारे पाणी मानशीतून आत घ्यावयाचे, कुंडांतून फिरवीत दाट करावयाचे आणि शेवटी उथळ वाफ्यांत सोडावयाचे. मग ऊन आणि वारा आपले काम करतात. पावसाळा आला की काम बंद.

हे काम केवढे मोठे, याचा हिशेब मी वर्गात मुलांकडून करवून घेतो. समुद्राच्या 1 लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे किलोभर मिठासाठी निदान 30 लिटर पाणी आटले पाहिजे. तेवढे पाणी विजेवर आटवू म्हटले, तर सुमारे 20 युनिट वीज लागेल. घरचे बिल भरणाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको. हल्ली सौरशक्तीचा मोठा बोलबाला आहे, आणि तो योग्यच आहे. पण आगरवाड्याचा माणूस तिच्यावर पिढ्यान् पिढ्या पोट भरीत आला आहे.

ऊन फुकट असले तरी बाजार फुकट नसतो. 1878 साली पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात तह झाला. तो 1880 पासून 12 वर्षे अमलात होता. त्यातून मुरगावचे बंदर आणि आगगाडी आली, आणि पोर्तुगीज सरकारला ब्रिटिशांकडून वर्षाला 4 लाख रुपये मिळू लागले. मोबदल्यात गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा बसला. लहान लहान मिठागरे बंद पडली. दांडीच्या सत्याग्रहाच्या 50 वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पुस्तकात दांडी येते. आमची मिठागरे येत नाहीत.

आजचा नियम निराळ्या हेतूचा आहे. 2006 पासून आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आहे. गलगंड टाळण्यासाठी आयोडीन हवेच, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु लहान आगरवाल्याने आयोडीन मिसळण्याचे यंत्र कोठून आणावे? त्याचे मीठ माडाच्या मुळाशी आणि मासळी खारविण्यासाठी जाते, भाव पडतो, मुलगा नोकरी शोधतो. बांध एकदा फुटला की दुरुस्त करावयास माणूस मिळत नाही.

आता विनोद. आपल्या डिचोलीच्या नार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे गेले की दिवाडी बेट लागते. तेथे ऑगस्टात बोंदेरा होतो. बांदेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत झेंडा. वाड्यांच्या हद्दीची भांडणे आणि हद्दीवर रोवलेले झेंडे यांची आठवण म्हणून तेथील लोक मिरवणूक काढतात, लुटुपुटूची लढाई करतात, सोंगे आणतात. सरकारी हद्दीचे त्यांनी हसे करून टाकले आणि ते हसे जतन केले. पेडण्याच्या दशावतारात संकासुर तेच करतो. त्याचे बोलणे आयत्या वेळचे. देवाचीही चेष्टा करण्याची त्याला मुभा! वेद चोरून समुद्रात दडलेला हा असुर मिठाच्या प्रश्नाला अगदी जवळचा, नव्हे काय?

म्हणून विश्वस्तांना माझे दोन शब्द. शिष्यवृत्तीच्या मुलांना मार्चमध्ये एक दिवस आगरवाड्यास न्यावे. आणि आपल्यापैकी ज्यांचे माड आहेत, त्यांनी एकत्र मागणी नोंदवून मीठ थेट आगरातून घ्यावे. आयोडीनच्या लहान यंत्राचा खर्च चार-पाच आगरवाल्यांत वाटता येईल काय, याचीही चौकशी ट्रस्टने करावी. स्नेहसंमेलनाचा फार्स मी मुलांकडून बसवून घेईन. त्यात संकासुर वेदांऐवजी मिठाचे पोते चोरणार आहे आणि ते परत देताना पावती मागणार आहे. त्या भूमिकेसाठी दोन मुलांनी आताच भांडण सुरू केले आहे.