शिळेवरील संख्या आणि माणसाचे नाव
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत एक लहानशी शिळा आढळते. या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण वेचले, एवढाच तिचा आशय असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ वीर गमावले. ‘अपशिंगे मिलिटरी’ हीच आज त्या गावाची ओळख झाली आहे. मात्र अशा शिळांवर बहुधा संख्या असते, नावे नसतात.

पुण्याजवळ खडकी येथे युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांची स्मृती तेथे जतन केली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचे स्मारकही तेथेच आहे. मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये खडकीस आणून पुन्हा दफन करण्यात आले. परक्या भूमीत मेलेल्या शिपायाचेही नाव हरवू नये, यासाठी केवढी ही दक्षता!

आता इराककडे दृष्टी वळवू. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूट येथील वेढ्यात आपल्या मराठा पलटणीही अडकल्या होत्या. अन्न संपले, २९ एप्रिलला शरणागती झाली आणि पुढे कैदेत असंख्य शिपायांचा अंत झाला. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली गेली. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात हा भेदभाव उघडपणे मान्य केला व क्षमा मागितली.

नाव जपले म्हणजे काय होते, हे यशवंत घाडगे यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते. रायगड जिल्ह्यातील हा तरुण १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडला व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्याचा देह सापडला नाही. पण कासिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे, माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोन्तोने गावानेही त्याचे स्मारक उभारले.

बंधुभगिनींनो, ज्यांना असे भाग्य लाभले नाही, त्यांचे काय? सरकारी दगड जे सांगत नाही, ते आपल्या माजघरातील पेटीत सापडण्याचा संभव आहे. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाची कडा निरखून पाहा. तीवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. असे पदक सोनाराकडे मोडीत गेले, की एका पूर्वजाचा शेवटचा पुरावा वितळून जातो.

म्हणून माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील सैनिकाचे नाव, गाव, पलटण, क्रमांक व मृत्यूचे स्थळ एका कागदावर लिहून मंडळाकडे द्यावे. आजीच्या स्मरणात जे आहे, ते आजच टिपून घ्यावे. पुढील स्मरणिकेत त्या नावांना एक पान मिळाले, तर गावच्या शिळेवरील मुक्या आकड्याला वाचा फुटेल. पूर्वजांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.

जय हिंद! जय महाराष्ट्र!