उन्हाचा खरखरीत डाग



आज एका अशा डागाबद्दल बोलायचं आहे, जो फारसा दुखत नाही, म्हणून कोणी डॉक्टरांना दाखवत नाही. कपाळ, नाक, गाल, कानाची पाळी, हाताची पाठ अशा उघड्या जागी तो येतो. मसुरीच्या डाळीएवढा, लालसर किंवा तपकिरी. बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. खपली निघते, पुन्हा धरते. खालच्या ओठावर आला तर ओठ कायम कोरडा, सोललेला राहतो आणि तूप लावूनही बरा होत नाही.

वर्षानुवर्षांच्या उन्हानं कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडतात, त्याचा हा डाग. डॉक्टर याला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. हा कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. बहुतेक डागांचा कॅन्सर होत नाही. मात्र कोणत्या डागाचा होईल, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. म्हणून वेळीच उपचार करायचे.

आपल्या सावळ्या कातडीतला रंग उन्हापासून बराच बचाव करतो, त्यामुळे आपल्याकडे हा आजार कमी दिसतो. सगळ्यांत जास्त धोका आहे तो जन्मापासून केस, पापण्या, कातडी सगळंच पांढरं असलेल्या माणसांना. याला अल्बिनिझम म्हणतात. हे कोड नव्हे. ते आईच्या चुकीनं होत नाही, ग्रहणानं होत नाही आणि शिवल्यानं पसरत नाही. ते आईबापांकडून रक्तातून येतं. अशा माणसांच्या कातडीत उन्हाला अडवणारा रंगच नसतो, म्हणून हे डाग त्यांना तरुणपणीच येऊ शकतात. तुमच्या घरात किंवा गल्लीत असं कोणी असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.

आता उपचार पाहू. ते मुख्यतः चार प्रकारचे आहेत.

पहिला, डाग गोठवणं. द्रव नायट्रोजन उणे 196 अंश इतका थंड असतो. तो डागावर काही सेकंद फवारतात. चटका बसतो, फोड येतो, खपली धरते आणि साधारण एक-दोन आठवड्यांत पडते. एक-दोन डाग असतील तर हा सोपा उपाय. सावळ्या कातडीवर मात्र त्या जागी पांढरट खूण राहू शकते, हे आधी माहीत असावं.

दुसरा, मलम. डाग पुष्कळ असतील तर डॉक्टर फ्लुरोयुरॅसिलचं मलम देतात. बहुधा दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावायचं. इथेच बायका घाबरतात, कारण लावायला लागल्यावर जागा लाल होते, आग होते, कधी पाणीही सुटतं. औषध बिघडलेल्या पेशी मारत असतं, त्याची ही खूण. काही आठवड्यांनी खाली नवी कातडी येते. मधेच बंद केलं तर उपचार अर्धवट राहतो. त्रास फारच झाला तर डॉक्टरांना विचारा, पण मनानं थांबवू नका. गरोदर बाईनं किंवा अंगावर पाजणाऱ्या आईनं तसं आधीच सांगावं. गरोदरपणात हे मलम चालत नाही. इमिक्विमॉड आणि डायक्लोफेनॅक जेल अशी दुसरी औषधंही आहेत. जेल सौम्य असतं, पण दोन-तीन महिने लावावं लागतं.

तिसरा, खरवडून काढणं. जाड डाग असेल तर जागा बधिर करून तो खरवडतात आणि काढलेला भाग तपासायला पाठवतात.

चौथा, प्रकाशाचा उपचार. औषध लावून त्या जागेवर विशिष्ट प्रकाश सोडतात. तो मोठ्या शहरांतच मिळतो आणि महाग पडतो.

डाग वाढला, कडक झाला, दुखू लागला, त्यातून रक्त आलं किंवा चिघळला, तर डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतील. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं आपल्याकडे बोललं जातं. ते खरं नाही. तपासायला उशीर झाला तर मात्र आजार वाढायला वेळ मिळतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली, तरी असंच तातडीनं दाखवा.

काय करू नये, तेही ऐका. डागावर बिब्बा लावू नका, चुना लावू नका. वरून कातडी भाजते आणि डॉक्टरांना खालचा खरा आजार ओळखता येत नाही. मेडिकलमधून मनानं मलमाची ट्यूब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली तात्पुरती दबते, आजार तिथेच राहतो.

एकदा डाग गेला म्हणजे काम संपलं नाही. त्याच उन्हात राबलेल्या कातडीवर दुसरा येऊ शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून घ्या आणि ऊन टाळा. साडीवर आपण घरधन्याचा जुना शर्ट घालतो, ते उत्तमच. पण डोक्यावरच्या पदरानं नाक, गाल आणि ओठ झाकले जात नाहीत. त्यासाठी रुंद काठाची टोपी घाला, रुमाल बांधा. शक्य तेवढं काम सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर करा. अल्बिनिझम असलेल्या मुलाला शाळेत सावलीत बसवा, पूर्ण बाह्यांचे कपडे द्या आणि उघड्या जागी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा.

येत्या बैठकीत हप्ता भरून झाला की उजेडात बसून एकमेकींचे चेहरे, कान, हात नीट बघा. महिनाभरात न गेलेला खरखरीत डाग दिसला, तर आशाताईंना सांगा. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवता येतं. एकटीला जायचं अवघड वाटत असेल, तर गटातली एक जण सोबत जा.