दाराच्या मधल्या अवस्था

घराच्या प्रवेशद्वाराची आजच्या काळाला साजेशी रचना करणे हा विषय अभिकल्पाच्या, म्हणजे वस्तूचे रूप, उपयोग आणि घडण यांचा एकत्र विचार करणाऱ्या विद्येच्या, विद्यार्थ्याला वरवर पाहता सोपा वाटतो, कारण दार आयताकृती आणि सपाट असते आणि समोरचा कागदही तसाच असतो. त्यामुळे पहिली रेखाटने बहुधा दाराच्या पृष्ठभागाची होतात. त्यांत कुठे वारली आकृत्यांची ओळ येते, कुठे यंत्राने कोरलेली जाळी, तर कुठे काळसर व्हिनियरवर बसवलेल्या पितळी पट्ट्या. या सर्व रेखाटनांत एक गोष्ट समान असते, ती अशी की त्यांतील दार नेहमी बंद असते. बंद दाराचे चित्र काढणे सोपे, उघडणाऱ्या दाराचे कठीण, आणि जे दार पुरते उघडेही नाही आणि मिटलेलेही नाही त्याचा विचार तर सहसा होतच नाही. वास्तविक समकालीन प्रवेशद्वाराचा प्रश्न त्या मधल्या अवस्थेतच दडलेला आहे, आणि तो सोडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने नक्षीकडे सर्वांत शेवटी वळणे श्रेयस्कर ठरते.

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचे दरवाजे पाहिले तर त्यांच्या भव्यतेपेक्षा त्यांच्या अवस्थांची संख्या अधिक लक्षणीय वाटते. पुण्याच्या शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले आणि १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. त्याच्या उत्तरेकडील दिल्ली दरवाज्याच्या झडपांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी अणकुचीदार खिळे बसवलेले आहेत, आणि पर्यटकांची नजर साहजिकच त्या खिळ्यांवर खिळते. परंतु त्याच झडपेतील दिंडी दरवाजा, म्हणजे मोठ्या दारात कोरून काढलेले, एका वेळी एकाच माणसाला आणि तेही वाकून आत जाऊ देणारे लहान दार, हा अभिकल्पाच्या दृष्टीने अधिक बुद्धिमान भाग आहे. मोठी झडप मिटलेली असतानाही घराचा व्यवहार चालू राहावा, आणि आत येणारा माणूस क्षणभर तरी पहारेकऱ्याच्या नजरेखाली मान झुकवलेल्या स्थितीत असावा, अशी ती योजना होती. तिच्या जोडीला देवडी, म्हणजे दारालगत पहारेकऱ्यांना बसण्यासाठी राखलेली जागा, असे. साध्या वाड्यांतही, जिथे हत्ती येण्याची सुतराम शक्यता नव्हती, हीच मांडणी लहान प्रमाणात दिसते. दिवसा दिंडीने ये-जा होई, लग्नकार्यात दोन्ही झडपा उघडत आणि रात्री अडसर, म्हणजे भिंतीतल्या खोबणीतून ओढून झडपांमागे आडवा घातलेला जाड लाकडी दांडा, लागत असे. दार ओलांडल्यावरही पाहुणा लगेच घरात पोचत नसे. चौक आणि ओसरी यांमधून त्याची पारख होत होत तो आत येई.

मुंबईच्या चाळीत हा सारा पसारा एका खोलीच्या तोंडाशी येऊन थांबला, तरी मधली अवस्था नाहीशी झाली नाही. तेथे दिवसा दार उघडे आणि त्यावर कापडाचा पडदा असे, आणि समोरची सामाईक गॅलरी देवडीचे काम फुकटात करी. पडदा हा प्रवेशद्वाराचा भाग मानण्याची पद्धत वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत नाही, पण हवा येऊ देणारा, नजर अडवणारा आणि शेजाऱ्याची हाक न अडवणारा तो एक स्वस्त घटक होता, एवढे मान्य करावे लागते.

सदनिकेने, म्हणजे बहुमजली इमारतीतील स्वतंत्र घराने, ही परंपरा मोडली. नाइट लॅच हे ओढताच आपोआप बसणारे कुलूप आले, पाहुण्याला न कळता त्याला न्याहाळण्याचे मॅजिक आय हे भिंग आले, आणि दाराला उघडे किंवा बंद अशा दोनच अवस्था उरल्या. उघडे ठेवावे तर जिन्यावरून जाणाऱ्या कोणालाही थेट दिवाणखाना दिसतो, आणि बंद ठेवावे तर वारा खेळत नाही. या कोंडीवर तोडगा निघाला तो सेफ्टी डोअरच्या रूपाने. मुख्य झडप आत उघडते, तिच्या बाहेरच्या बाजूला जाळीची किंवा गजांची दुसरी झडप बसते आणि ती बाहेर उघडते. दोन्ही झडपा एकाच चौकटीत सामावतात, कारण चौकटीच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी खाच, म्हणजे सुतारांच्या भाषेत डबल रिबेट, काढलेली असते. आतली उघडी आणि बाहेरची बंद, ही तिसरी अवस्था त्यामुळे पुन्हा अस्तित्वात आली. तीत वारा येतो, भाजीवाल्याशी बोलता येते, कुरिअरची सही करता येते, आणि रांगते मूल घरातच राहते.

या वस्तूचा कर्ता म्हणून कोणा एकाचे नाव सांगता येत नाही. सुतार, लोहार, सोसायटीचे रहिवासी आणि चोरीची भीती यांनी मिळून ती घडवली. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने भारत सरकारसाठी लिहिलेल्या ज्या अहवालाच्या आधारे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली, त्या अहवालात लोट्याचे उदाहरण घेतलेले आहे. लोटा कोणा एका अभिकल्पकाने घडवला नाही, तो पिढ्यांच्या वापरातून आकाराला आला, आणि आज नव्याने घडवायचा झाल्यास त्याचे वजन, तोल, तोंड, हाताळणी, किंमत अशा किती तरी प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतील, असा त्या विवेचनाचा रोख आहे. देशातील अभिकल्पाचे विद्यार्थी हा उतारा पहिल्याच वर्षी आदराने वाचतात. मग दार रचायला बसल्यावर मात्र त्यांना सेफ्टी डोअर कुरूप वाटते आणि ते चित्रातून वगळले जाते. हे वगळणे सौंदर्यदृष्टीचे लक्षण म्हणता येत नाही. ज्या वस्तूने प्रश्न ओळखला तिचे रूप ओबडधोबड असले तरी प्रश्न खरा असतो.

अर्थात सेफ्टी डोअर निर्दोष आहे असेही नाही. ते बाहेर उघडत असल्यामुळे लॉबीची, म्हणजे जिना आणि लिफ्टसमोरच्या सामाईक जागेची, रुंदी व्यापते. आगीच्या वेळी हीच जागा सुटकेचा मार्ग असते, आणि राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उघडलेल्या दारामुळे जिन्याची किंवा त्यापुढील जागेची आवश्यक रुंदी ९०० मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. त्यात चपलांचे कपाट आणि कुंड्या यांची भर पडली की हिशेब चुकतो. बाहेरची झडप भिंतीला समांतर सरकवावी हा उपाय कागदावर सुटसुटीत दिसतो. प्रत्यक्षात त्या भिंतीवर विजेच्या मीटरची पेटी किंवा शेजाऱ्याचे दार असते. झडप मधोमध दुमडावी तर बिजागऱ्या वाढतात आणि प्रत्येक बिजागरी हे फटीचे आणि करकरीचे नवे ठिकाण होते. म्हणून दुसरी झडप ठेवण्याऐवजी मुख्य झडपेतच, दिंडीच्या धर्तीवर, आतून उघडणारी लहान झडप आणि तिच्यामागे पक्की जाळी बसवणे हा मार्ग अधिक आशादायक दिसतो. त्याची किंमत मात्र लाकडाचा स्वभाव ओळखूनच मोजावी लागते.

लाकूड ही सजीवांकडून आलेली सामग्री हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे फुगते व आकसते. हा बदल धाग्याच्या लांबीच्या दिशेने नगण्य, पण रुंदीच्या दिशेने ठळक असतो. सागवान हे या बाबतीत शहाणे लाकूड समजले जाते. तरीही ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वार्षिक वलयांना समांतर अशा दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के, आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याहून थोडे कमी आकसते. याचा व्यवहारातला अर्थ असा की ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढले तर अखंड सागवानी फळ्या डिंकाने एकत्र जोडून केलेली ९०० मिलिमीटर रुंदीची झडप, फळ्या कशा कापल्या आहेत त्यानुसार, ४ ते ९ मिलिमीटरने अधिक रुंद होते, आणि झडप व चौकट यांमध्ये सुतार जेमतेम ३ मिलिमीटरची फट सोडतो. कोकणातल्या जुलै महिन्यात दार का अडते, हे यावरून उलगडते. जुन्या कारागिरांनी यावर पॅनेलचा दरवाजा हे उत्तर शोधले होते. त्यात उभ्या-आडव्या अरुंद पट्ट्यांची भक्कम चौकट करून तिच्या आतल्या खाचेत पातळ फळ्या सैल, डिंक न लावता, बसवल्या जातात, त्यामुळे फळी फुगली तरी खाचेतल्या खाचेत सरकते आणि झडपेची एकूण रुंदी फारशी बदलत नाही. ज्या चौकोनांना आज केवळ पारंपरिक सजावट समजून यंत्राने सपाट पृष्ठभागावर नुसते कोरले जाते, ते मुळात पावसाळ्याशी केलेल्या तहाची कलमे होती.

सदनिकांत सर्रास वापरले जाणारे फ्लश डोअर दुसऱ्या तत्त्वावर उभे असते. लाकडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर धाग्याची दिशा आडवी ठेवून चिकटवलेला पातळ थर आणि सर्वांत वर दर्शनी थर, अशी त्याची रचना असून मुख्य दाराला साधारण ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचे घेतले जाते. त्याची मेख समतोलात आहे, कारण दोन्ही बाजूंचे थर सारखे असतील तरच ओढ सारखी राहते आणि झडप सरळ राहते. विद्यार्थ्याने बाहेरच्या बाजूला जाड लॅमिनेट लावून आतली बाजू नुसती रंगवली, किंवा एकाच बाजूवर खोल नक्षी कोरून घेतली, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर झडप वाकते आणि कुलूप कोयंड्याशी जुळेनासे होते. याहून दुर्लक्षित जागा म्हणजे झडपेची खालची कडा. तेथे रंग किंवा पॉलिश पोचत नाही, आणि लादी पुसताना रोजचे पाणी तिथूनच चढते. मग पावसाळ्यात दार अडले की रंधा मारून घेतला जातो, रंध्याने कोरे लाकूड उघडे पडते, ते पुढच्या वर्षी अधिक पाणी पिते, आणि उन्हाळ्यात त्याच जागी झुरळाला जाण्यापुरती फट पडते. सुताराचा दोष यात थोडाच असतो, कारण खालच्या कडेचे रेखाटन त्याला कोणी दिलेलेच नसते.

त्या कडेखाली उंबरठा येतो, आणि तिथे समकालीन अभिकल्पापुढचा सर्वांत नाजूक पेच उभा राहतो. जुनी चौकट चारही बाजूंनी बंद असे. सदनिकेची चौकट तीनच बाजूंची असून तळाशी ग्रॅनाइटची पट्टी बसते. चाकांच्या खुर्चीने वावरणाऱ्यांचा विचार करून केलेल्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी. बांधकामात तीन फुटांचा, म्हणजे ९१४ मिलिमीटरचा, गाळा सोडला तर चौकटीची आणि उघडलेल्या झडपेची जाडी वजा जाता ही रुंदी उरत नाही, हे सोपे गणित अनेक नकाशांत सुटलेले दिसते. दुसरीकडे उंबरठा हा मराठी घराचा विधीचा भाग आहे. त्यावर हळदकुंकू वाहिले जाते, त्याच्यापुढे रांगोळी येते, आणि नववधू तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून तो ओलांडते. या दोन गरजा परस्परविरोधी वाटतात, परंतु विधीला उंची लागत नाही, सीमा लागते. वेगळ्या रंगाच्या दगडाची, जमिनीशी समतल आणि दोन्ही बाजूंना किंचित उतार दिलेली पट्टी ती सीमा पुरेशी स्पष्ट करते; झुरळ आणि धूळ अडवण्याचे काम झडपेच्या खालच्या कडेला लावलेली, दार मिटताच खाली उतरणारी रबरी पट्टी करू शकते.

कुलपाविषयी थोडक्यात एवढेच की बोटाच्या ठशाने उघडणारे विद्युत कुलूप बसवले तरी ते आतून किल्लीविना, वीज नसताना आणि घाबरलेल्या माणसाच्या हाताने उघडले पाहिजे. बाकी बाबी बाजारावर सोडता येतात.

चंदीगडच्या विधानसभा भवनाचे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी रंगवलेले, मुलामा दिलेल्या पत्र्यांचे भव्य दार विद्यार्थ्यांना भुरळ घालते, आणि ते रास्तच आहे, कारण ते समारंभासाठी उघडण्याचे दार आहे आणि चित्र असणे हेच त्याचे काम आहे. घराच्या दाराला तशी सवड नसते. त्याच्या मुठीला पहाटे दुधाची पिशवी अडकवलेली असते, फटीत वर्तमानपत्र खोचलेले असते, आणि त्यातून भरलेला सिलिंडर, लोखंडी कपाट, भाद्रपदात पाटावरचा गणपती आणि एखाद्या वाईट रात्री स्ट्रेचर न्यावे लागते. म्हणून संगणकावरील चित्राऐवजी पुठ्ठ्याचे आणि लाकडी पट्ट्यांचे पूर्ण आकाराचे प्रतिरूप उभे करून त्यातून या वस्तू नेऊन पाहणे हा अभ्यासाचा अनिवार्य भाग ठरतो. अशा प्रतिरूपासमोर आजीला खुर्चीवर बसवले, की मुख्य झडपेतील त्या लहान झडपेचे स्थानही ठरते. मॅजिक आय सहसा जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असते आणि ते खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या किंवा शाळकरी मुलाच्या उपयोगाचे नसते. लहान झडप सुमारे ९०० मिलिमीटरपासून दीड मीटरपर्यंत उभी घेतली तर बसलेल्याला आणि उभ्याला, दोघांनाही बाहेर पाहता आणि बोलता येते. तेवढी उभी फट, तिची जाळी आणि तिला धरणारी पट्टी कुठे येणार हे निश्चित झाल्यावर झडपेच्या पृष्ठभागाची विभागणीही बरीचशी ठरून जाते, आणि वारली आकृत्यांसाठी मग फार मोकळी जागा उरत नाही.