ग्रीक अक्षरांच्या घरांतली सुरक्षितता

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारात काही घरांवर मोठी ग्रीक अक्षरे लावलेली दिसतात. ही फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी यांची घरे. म्हणजे मुलग्यांची बंधुमंडळे आणि मुलींची भगिनीमंडळे. या प्रथेचा उगम १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयात निघालेल्या ‘फाय बीटा काप्पा’ या संस्थेत सापडतो. एकत्र राहणे, समाजकार्य करणे, पुढे नोकरीधंद्यात एकमेकांना हात देणे ही या मंडळांची चांगली बाजू. पण त्यांच्या गुप्त दीक्षाविधींतून ‘हेझिंग’ही फोफावले. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो, त्याचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की मंडळात प्रवेश मिळावा म्हणून तिथला नवा विद्यार्थी बरेचदा ते मुकाट सोसतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत तिमथी पियाझा या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला अशाच एका रात्री भराभर दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला. घरात मुले होती. पण मदतीसाठी फोन गेला तो सुमारे बारा तासांनी. तो वाचला नाही. मला वाटते, दारूइतकीच घातक ठरली ती ही गप्प बसण्याची वृत्ती.

इथे मुलींच्या मंडळांचा संबंध येतो. सोरॉरिटीच्या घरात सहसा दारूला मज्जाव असतो. त्यामुळे पार्ट्या होतात मुलग्यांच्या घरी. दारावर कोण उभे राहणार, पेल्यात काय असणार, हे यजमान ठरवणार आणि धोका पाहुण्या मुलींनी पत्करायचा! एकट्या मुलींनी कितीही नियम केले तरी ते उंबरठ्यापाशीच थांबतात. म्हणूनच अनेक विद्यापीठांत दोन्हीकडच्या परिषदा एकत्र बसून नियम ठरवतात. पाहुण्यांची यादी करायची. काही जणांनी दारूला हात न लावता सर्वांवर लक्ष ठेवायचे. मैत्रिणी एकत्र आल्या तर एकत्रच परतायचे. साधेच नियम, पण दोघांनी मिळून केले तर पाळले जाण्याची शक्यता वाढते.

२०१८ साली, मुलगा गमावलेले काही पालक आणि या मंडळांच्या राष्ट्रीय संघटना हेझिंगविरुद्ध एकत्र आल्या. ज्यांच्यावर रोष असायचा त्यांच्याच शेजारी बसणे त्या आईवडिलांना सोपे गेले नसेल. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात पियाझाच्या नावाने कायदा झाला. जखमीसाठी प्रामाणिकपणे मदत बोलावणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा आला. हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची माहिती महाविद्यालयांनी जाहीर करणे त्याने बंधनकारक केले.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला. पण कायदा खोलीत हजर नसतो, सोबती असतात. आपला मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकायला निघाली असेल, तर दोन गोष्टी जरूर सांगा. कोणत्याही मंडळात जाण्याआधी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली माहिती वाचायची. आणि कोणी बेशुद्ध पडला, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचे नाही. ९११ हा क्रमांक फिरवायचा, मग कोणी रागावले तरी चालेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)