फाटकाशी अडलेले औषध



न्यायाधीश, वकील, मानसोपचारक आणि पोलीस व कारागृह खात्यांतील अधिकारी यांच्या या परिषदेचे अध्यक्षस्थान आपण माझ्यासारख्या मानसोपचारकाला दिलेत.  अध्यक्षाने प्रारंभी मनोरुग्ण आरोपी व बंदी या विषयाचे सिंहावलोकन करावे, या शिरस्त्याकडे वळतो.

भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली, आणि कृत्य करतेवेळी ज्याला मनोविकृतीमुळे त्या कृत्याचे स्वरूप वा त्याची अयोग्यता उमगत नव्हती त्याला गुन्हेगार मानू नये, हे तत्त्व तिच्या ८४ व्या कलमाने सांगितले. त्यानंतर चार वर्षांनी, १८६४ मध्ये, आपल्या नागपूरचे मनोरुग्णालय उभे राहिले. पुढे १९१२, १९८७ आणि २०१७ असे मनोरुग्णांविषयीचे कायदे बदलत गेले, १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ८४ वे कलम तिच्यात २२ वे झाले. ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये बजावले. २०१७ च्या कायद्याच्या १०३ व्या कलमाने मनोरुग्ण बंद्याच्या रवानगीची रीत घालून दिली आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल पाठवण्याची जबाबदारी टाकली. या वाटचालीचे मोल मी जाणतो. तरीही सिंहावलोकन मी येथेच थांबवतो. कारण सरकारी नोकरीत असताना वरिष्ठांपुढे, निवृत्तीनंतर परिसंवादांत, आणि अर्जविनंत्यांच्या रूपाने निरनिराळ्या दप्तरांत जी एक गोष्ट मी मांडत आलो आणि जी प्रत्येक वेळी किरकोळ म्हणून बाजूला सारली गेली, ती या स्थानावरून मांडण्याची संधी पुन्हा मला मिळणार नाही.

अटक झालेल्या माणसाची अंगझडती घ्यावी, अंगावरचे आवश्यक कपडे सोडून जे जे सापडेल ते सुरक्षित ताब्यात ठेवावे, ही तरतूद इंग्रजी अमदानीतल्या १८९८ च्या फौजदारी संहितेत होती, १९७३ च्या संहितेच्या ५१ व्या कलमात ती कायम राहिली, आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९ व्या कलमातही ती तशीच आहे. तरतूद रास्त आहे. परंतु तिने कपड्यांना सूट दिली, औषधाला दिली नाही. परिणाम असा होतो की, बाह्यरुग्ण विभागातून महिन्याच्या गोळ्या घेऊन गेलेला एखादा रुग्ण कोणत्याशा किरकोळ गुन्ह्यात धरला जातो तेव्हा त्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी आणि चौघडी घातलेला केसपेपर सुटी नाणी, मोबाइल व कंबरपट्टा यांच्यासोबत पाकिटात जातो, पंच सह्या करतात, पाकिटावर लाख लागते, आणि कोणीही दुष्टावा केलेला नसताना त्या घटकेपासून त्या माणसाचा उपचार बंद पडतो.

हे औषध बंद पडणे म्हणजे काय, हे सभागृहातील विधिज्ञांसाठी सांगणे मला अवश्य वाटते. अपस्माराचे औषध अकस्मात थांबले तर काही तासांत वा दिवसांत झटके येऊ शकतात. लिथियम थांबले तर उन्मादाची लाट परत येऊ शकते. आणि दुर्धर स्किझोफ्रेनियात आम्ही अखेरचा आधार म्हणून देतो ते क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक काळ चुकले तर पूर्वीच्या मात्रेवर ते पुन्हा सुरू करता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून सावकाश चढत यावे लागते. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे आरोपीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. तेथे मारहाण झाली का, काही तक्रार आहे का, हे विचारले जाते, आणि वैद्यकीय तपासणीत जखमा व वळ पाहिले जातात. ‘तुला कोणते औषध चालू आहे आणि कोणाकडून?’ हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. जो प्रश्न पहिल्या रिमांडला एका वाक्यात सुटला असता तो दोन महिन्यांनी न्यायालयाच्या निरीक्षण-हुकुमाच्या रूपाने आमच्या मनोरुग्णालयाच्या दारात येतो, तोवर माणूस अन्न सोडून बसलेला असतो, आणि त्याच्या जुन्या उपचाराचा एकमेव पुरावा मुद्देमालाच्या कपाटात असतो.

औषध असे तुटत असताना गेल्या काही अधिवेशनांत आपल्यात मात्र दोन वाद रंगले. पहिला वाद ढोंगाचा. आरोपी शिक्षा चुकवण्यासाठी वेडाचे सोंग घेतात, तेव्हा त्यांच्याविषयी फार कनवाळू होऊ नये, असे अनेकांचे मत आहे. गडचिरोलीकडच्या एका माणसाला ‘मुका व ढोंगी’ असा शेरा मारून माझ्याकडे पाठवले होते. बंदोबस्ताचा हवालदार शपथेवर सांगत होता की हा दोन्ही वेळा नीट जेवतो, त्याअर्थी याला काही झालेले नाही. मराठीत, हिंदीत, खुणांनी, कशानेही तो बोलेना. रात्रपाळीच्या एका परिचराने त्याच्याशी सहज गोंडीतून दोन शब्द काढले, आणि तो माणूस पहाटेपर्यंत बोलत राहिला. मेलेला भाऊ आपल्याला हाका मारतो, आज्ञा देतो, आणि हे उघड केले तर लोक मारतील, म्हणून त्याने जबानीच्या वेळीही ते लपवले होते. सोंग घेणारा आपले वेड चारचौघांत, दिवसाउजेडी, अधिकाऱ्याच्या देखत दाखवतो. खरा रुग्ण बहुधा ते झाकू पाहतो. निरीक्षणाच्या खोलीत रात्री घालवलेल्या कोणत्याही परिचराला हा भेद कळतो, आणि म्हणून ढोंगाच्या भयापोटी उपचार अडवून धरणाऱ्यांचा युक्तिवाद मी कधीही मान्य केलेला नाही, आजही करत नाही.

दुसरा वाद जबाबदारीचा: आजारी बंदी गृहखात्याचा की आरोग्यखात्याचा? भंडाऱ्याकडच्या भातगिरणीत हमाली करणारा एक तरुण आमच्या औषधांवर उत्तम सावरलेला होता. गिरणीपुढची सायकल नेल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली, औषध तुटले आणि आजार उसळला. त्याची आई पिशवीत गोळ्या घेऊन एका कारागृहाच्या फाटकाशी येई आणि बाहेरचे औषध आत घेता येत नाही, असे ऐकून परत जाई. पुढे तो आमच्याकडे आला, बरा झाला, ‘खटल्यास सक्षम’ असा दाखला घेऊन परत गेला. केसपेपर मागे राहिला, मात्रा बदलली, मग थांबली, आणि तारखेला उभा केला तेव्हा त्याला आपला वकील ओळखता येईना. खटला पुन्हा तहकूब झाला. कधी बंदोबस्ताची पार्टी नाही म्हणून रवानगी रखडली, कधी हुकूम चुकीच्या दप्तरी गेला म्हणून. साध्या चोरीच्या पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा अधिक शिक्षा नाही. ती तीन वर्षे त्या पोराने दोषी न ठरता या फेऱ्यांत घालवली. दोन्ही खात्यांकडे आपापले कागद चोख होते. म्हणून माझे सांगणे असे की, जबाबदारी कोणत्या खात्याची हा प्रश्नच गौण आहे; माणूस एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या क्षणी औषध त्याच्यासोबत गेले की नाही, एवढाच प्रश्न खरा आहे.

याचे टोक पाहायचे असेल तर आसामकडे पाहा. माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली, त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले, ते बरे असल्याचे तेथल्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये कळवले, आणि तरीही त्यांची सुटका २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर झाली. चोपन्न वर्षांत त्यांचा खटला चालला नाही. कागद पुढे गेला आणि माणूस मागे राहिला. आणि हा प्रश्न केवळ खटला न चाललेल्या बंद्यांचा नाही; आपल्या नागपूरच्या कारागृहात फाशीची शिक्षा झालेले बंदीही असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच राज्यांतील अशा ८८ बंद्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला. इतक्या माणसांचा आजार अटकेच्या, कोठडीच्या, खटल्याच्या कोणत्याच पायरीवर न्यायालयापुढे नीट येऊ नये, याचा विषाद मला झोपू देत नाही.

हे सुधारणे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये कॉन्फेट खून खटल्यात तिघा मुलांना त्यांच्या कबुलीजबाबांवरून दोषी ठरवले गेले. त्यातला थोरला अठरा वर्षांचा मतिमंद मुलगा होता. १९७५ मध्ये त्या शिक्षा रद्द झाल्या, आणि त्या प्रकरणातून निघालेल्या चौकशांची परिणती १९८४ च्या कायद्यात होऊन अशा आरोपीच्या जबानीच्या वेळी सोबत एक प्रौढ व्यक्ती हजर असणे बंधनकारक झाले. इतके दूर जायचे नसेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून समाजकार्यकर्त्यांना कोठडीपर्यंत आणि तुरुंगापर्यंत नेत आला आहे. असा एक कार्यकर्ता आमच्या त्या भातगिरणीतल्या पोरामागे असता तर आईची पिशवी फाटकातून आत गेली असती.

अध्यक्षाकडून पुढील कार्याची रूपरेषा अपेक्षित असते. ठाणे अंमलदारांचे प्रशिक्षण, गोंडी जाणणारे दुभाषी, कारागृह व रुग्णालय यांच्यात एकच उपचारपुस्तिका, संध्याकाळी सुटणाऱ्या बंद्याच्या हाती निदान पंधरवड्याचे औषध. यांच्या तजविजी आपल्यातील तरुणांनी सविस्तर कराव्यात, माझा पाठिंबा गृहीत धरावा. गोळ्या आरोपीच्या खिशात राहू द्याव्यात असे माझे म्हणणे नाही, त्यातला धोका मी जाणतो. चालू औषध आणि केसपेपर पाकिटात बंद न करता अंमलदाराच्या स्वतंत्र ताब्यात राहावेत, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी दिले जावेत, आणि वॉरंटाबरोबर माणसामागे जावेत, अशी दुरुस्ती ४९ व्या कलमात व्हावी, आणि ती होईतो गृहखात्याने तसे परिपत्रक काढावे, एवढा एक ठराव विषयनियामक समितीने उद्या सर्वांच्या आधी घ्यावा, असा अध्यक्ष या नात्याने माझा आग्रह आहे. ज्यांचा त्याला विरोध असेल त्यांनी तो या सभागृहात उभे राहून, कारण देऊन नोंदवावा. मी उत्तर द्यायला येथेच बसलेला आहे.